आईच्या शिक्क्यातलं पान

फांगालेई, ५ मे

प्रिय लोपेती,

आई गेल्याचं तुझ्या आलिसीने तुला सांगितलंच असेल. मी फोन केला तेव्हा तू घरात होतास, मागे तुझा खोकला ऐकू आला. तू फोन घेतला नाहीस याचा मला राग नाही. टोंगात वाढलेल्या भावाने बहिणीशी असल्या गोष्टी तोंडाने बोलायच्या नसतात. बारा वर्षांचा झालास आणि तुझी चटई काकांच्या घरी गेली, तेव्हापासून आपण एकमेकांसमोर मोकळेपणी हसलोसुद्धा नाही. म्हणून पत्र लिहिते. कागदावर चालतं.

शेवट शांतपणे झाला. मंगळवारी सकाळी तिने नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू दोन घास खाल्लं, मीठ कमी आहे म्हणाली आणि कुशीवर वळली. मी मीठ आणायला उठले. परत आले तोवर संपलं होतं.

आईची आतेबहीण म्हणून अंत्यविधीचा सगळा मान सिनी मावशीचा. ती उशाशी बसली. आम्ही बाकीचे फाटक्या चटया कमरेला गुंडाळून मागच्या अंगणात, चुलीपाशी. भेटीची झाडाच्या सालीची कापडं यायला लागली तशी मावशी आईकडे बघून मोठ्याने म्हणाली, "उइनिसे, आयुष्यभर मला हलकी कापडं दिलीस. आता बघते कायकाय लपवून ठेवलंयस." सगळे हसले. मग तिने पेटीतलं मोठं कापड बाहेर काढायला लावलं, आईने अख्खं वर्ष खपून केलेलं, राजमुद्रेच्या कबुतरांचं. दाराबाहेर ते अंथरलं तर विहिरीपर्यंत पोचलं. रीतीप्रमाणे ते मावशीचं झालं. आईचे नक्षीचे साचेही तीच घेऊन गेली, सगळे.

तिने विचारलं, "मुलगा कुठाय?" मी म्हटलं, "सुटी मिळाली नाही." "आई मेल्यावर सुटी देत नाहीत असा कुठला देश आहे ग? तू शाळेतली बाई ना, नकाशात दाखव मला." बाबांच्या वेळीही मी हेच कारण सांगितलं होतं.

कितिओनेही आला होता, नोंदणी कचेरीतला. पहिलीत माझ्या वर्गात होता, तुला आठवत असेल. वर्षभर घरी बसून आहे. खोटा सरकारी शिक्का मारून जन्माचा दाखला दिला असा त्याच्यावर खटला आहे. कोण जाणे काय प्रकरण आहे.

दहाव्या दिवशी कबरीवर पांढरी वाळू पसरली. काळे खडे निवडून, धुऊन, सुगंधी तेल लावून आम्ही एकेकाच्या वाट्याचे घातले. उशाकडची मुलाची जागा मोकळी ठेवली आहे. पाऊस पडला तर वाळू वाहील, म्हणून तिच्यावर तात्पुरता पत्रा टाकला आहे.

कालोलाइने


फांगालेई, २० मे

प्रिय लोपेती,

आलिसीचं पत्र मिळालं. खाली तुझ्या हातच्या दोन ओळी होत्या. अकरा वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा बघितलं. आई शेवटी काय बोलली हे तू विचारलं नाहीस. "साचे नक्की सगळे मावशीकडे गेले ना?" एवढंच विचारलंस.

नाही. एक माझ्याकडे आहे. मागच्या पत्रात मी खरं लिहिलं नव्हतं.

चहाच्या कपाच्या तळाएवढा आहे. नारळाच्या पात्यांचे हीर ब्लेडने चिरून दोऱ्यासारखे केलेले, वेताच्या चकतीवर काथ्याने शिवलेले. आईने एवढं बारीक काम आणखी कशात केलेलं नाही. मुकुट, तीन तलवारी, तारे, डहाळी घेतलेलं कबूतर, आणि कडेने कचेरीचं नाव. सालीच्या कापडाखाली साचा ठेवून वरून रंगाचं फडकं घासतात, तसाच हा कागदाखाली ठेवायचा आणि वरून शिंपल्याने घासायचा. कागदाला उठाव येतो. कचेरीतल्या यंत्राने उठतो तसाच शिक्का उठतो.

हे तुला सांगायची गरज नाही. तुझ्या दाखल्यावर तोच आहे. न्यूझीलंडला राहायच्या परवान्याच्या सोडतीला पंचेचाळीसची अट, आणि तू सेहेचाळीसचा. दाखल्यावर बेचाळीसचा झालास. दाखला लिहिला कुणी, सही केली कुणी, ते आत्ता राहू दे.

आईला यात गुन्हा दिसतच नव्हता. "राजाची मुद्रा मी चाळीस वर्षं कापडावर काढतेय. माझी कबुतरं राजवाड्यातल्या लग्नात अंथरली, त्यांच्यावरून नवरी चालत गेली. तेव्हा बरी चालली! कापडही सालीचं आणि कागदही झाडाचाच," असं म्हणायची. तुझ्यानंतर तिने आणखी दोघांना तो शिक्का दिला, वायोलाच्या जावयाला आणि पेनिताच्या मुलीला. घेतलं काही नाही. पेनिताने एक डुक्कर पाठवलं होतं, ते तिने चर्चच्या जेवणाला देऊन टाकलं. त्या मुलीचा कागद मागच्या वर्षी परदेशी वकिलातीत अडकला. शिक्क्याचं यंत्र कितिओनेच्या ताब्यात असतं, कागदावर सही त्याच्या नावाची. म्हणून कितिओने.

आता त्या दिवसाचं सांगते. दुपारी पुरुष भांड्याभोवती कावा पीत बसले होते. कितिओने उठून अंथरलेल्या कापडाच्या कडेने हळूहळू चालत गेला. मी चुलीकडून पाणी घेऊन येत होते.

"बाई, हे कुणाच्या हातचं?" त्याने विचारलं.

"आईच्या."

"सगळ्या कबुतरांच्या चोचीखाली एकेक पान गळून पडलंय."

"आमच्या घरी तसंच काढतात."

"आणखी कुणाच्या घरी?"

आपल्या आजीचं दुसरं मूल पाळण्यातच गेलं, त्यानंतर तिने ते पान काढायला सुरुवात केली. ते दुसऱ्या कुणाच्या घरी कसं असेल? मी म्हटलं, "कुणाच्याच नाही."

तो कापडाशी वाकला आणि म्हणाला, "त्या दाखल्यावर कबुतराखाली एक टिंब आहे. माझा वकील म्हणतो कागदाला पोचा आलाय. सरकारी वकीलही तेच म्हणतो. एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं जमतं. मी वर्षभर भिंगातून बघतोय. मला ते पान वाटायचं. बायको म्हणायची, घरी बसून बसून तुला भास व्हायला लागलेत."

मी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"शिक्क्याचं एक वेळ सोडा बाई. पण ती सही बघितली की मलाच माझी वाटते. शपथेवर 'माझी नाही' कसं म्हणू?"

मी पाणी घेऊन आत जायला निघाले.

"मी मयताला आलोय," तो म्हणाला. "आज मी काही बघितलेलं नाही. पण तेवीस जूनला मला कोर्टात उभं राहायचंय." मग त्याने माझ्या हातातली बादली घेतली आणि आत नेऊन ठेवली.

चर्चच्या गायकवृंदात पंधरा वर्षं तो पुढे उभा राहून हाताने ताल द्यायचा. आता शेवटच्या बाकावर बसतो, आणि बाकावर तो एकटाच असतो. त्याच्या पुढच्या बाकावरून मागे वळून कुणी बघत नाही.

कालोलाइने


फांगालेई, ४ जून

प्रिय लोपेती,

तुझं चार ओळींचं पत्र विमानाने येणाऱ्या माणसाबरोबर आलं. पाकीट डकवून वर दोरा बांधला होतास. "ताई, ते जाळ. आई गेली, आता तिला कुणी काही करू शकत नाही. कितिओनेला चांगला वकील आहे. माझ्या मुलांचा विचार कर."

विचार करते. लावीनियाचं नाव मी ठेवलं. तिला मी अजून बघितलेलं नाही, पण आत्या म्हणून तिच्यावर माझा हक्क आहे आणि तिची जबाबदारीही. रोज तिचा विचार करते.

शनिवारी, रविवारच्या जेवणासाठी जमिनीतली भट्टी पेटवली तेव्हा साचा घेऊन गेले होते. हीर आणि काथ्या, क्षणभरात पेटला असता. सिनी मावशी केळीची पानं घेऊन आली आणि म्हणाली, "हातात काय ते? तुझ्या आईने मला चोरून ठेवलेलं दिसतंय." मी म्हटलं, "झाडूचे हीर आहेत." ती म्हणाली, "झाडू तर तुझ्या दुसऱ्या हातात आहे." मी साचा कमरेच्या चटईआड करून घरात आले. मावशीमुळे जाळला नाही असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहू दे म्हटलं होतं. तो दाखला मी लिहिला, लोपेती. तिन्ही दाखले मी लिहिले. पूर्वी जन्मनोंदी शाळेतून व्हायच्या, तेव्हाचे कोरे कागद कपाटात पडून होते. आईने मागितले, मी किल्ली लावून कपाट उघडलं. तुझं साल मी बदललं. आणि सही मीच केली.

कितिओनेला अक्षर गिरवायला मी शिकवलं. त्याचा डावा हात धरून उजव्यात पेन्सिल दिली, रोज पाटीवर त्याच्या नावाचं वळण काढून दिलं. त्याची सही मला नक्कल करावी लागली नाही. ती माझ्याच हातातून त्याच्या हातात गेली होती. म्हणून त्यालाच ती आपली वाटते. वर्षभर तो स्वतःवर संशय घेतोय आणि मी रविवारी त्याच्यापासून चार बाकांवर बसून गाते.

मला वाटत होतं, आई आहे तोवर गप्प बसायचं. म्हाताऱ्या बाईला कचेरीत कोण उभं करणार? आता आई नाही. गप्प बसायला कारण उरलं नाही, तर नवीन कारण म्हणून तुझं पत्र आलं.

मी शाळेतलं कायद्याचं पुस्तक काढून वाचलं. दोनदा वाचलं, कारण त्यातली वाक्यं लांब आहेत. सरकारी शिक्का किंवा त्याचा साचा जो खोटा बनवतो, जो तो खोटा आहे हे माहीत असून जवळ ठेवतो, आणि जो तो वापरतो, हे तिन्ही वेगवेगळे गुन्हे आहेत. सजा तुरुंगाची, आणि थोडीथोडकी नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीन अनोळखी बदमाश असतील. मी वाचलं तेव्हा आपलंच घर दिसलं. आईने बनवला, मी ठेवला, तू वापरलास. कितिओनेचं नाव कुठल्याच ओळीत बसत नाही.

आईने साचा शिवला तो दिवस मला आठवतो. ती ओसरीत बसली होती, मी शेजारी. कबूतर झालं, डहाळी झाली, आणि तिने खाली एक हिराचा तुकडा लावायला घेतला.

मी म्हटलं, "आई, पान नको. खऱ्या शिक्क्यावर नाही ते."

"मला माहीत आहे."

"मग?"

"पानाशिवाय काढलं तर ते आपलं कबूतर राहील का? दुसऱ्याचं काढणं म्हणजे चोरी. मी कुणाचं कबूतर चोरत नाही."

लोपेती, खोटा शिक्का बनवताना तिने त्यावर आपल्या घराची खूण केली. खूण न करणं हा तिच्या लेखी खोटेपणा होता. मी तेव्हा हसले होते. आता वाटतं, आपल्या तिघांत तेवढीच एक खरी वागली.

तू म्हणतोस, सगळं आईच्या नावावर टाक. पण आईला लिहिता येत नव्हतं. सही तिने केली असं कुणाला सांगू?

तू माझ्या शब्दाची वाट बघत असशील. बहिणीचा शब्द भावाला मोडता येत नाही, म्हणून मी तुला आजवर एकही गोष्ट करायला सांगितली नाही. गेलास तेव्हा जाऊ नको म्हटलं नाही. बाबा गेले तेव्हा ये म्हटलं नाही. आजही काही सांगत नाही. सोमवारी मी काय करणार तेवढं कळवते. नऊ तारखेला साचा घेऊन पोलीस ठाण्यात जाईन. त्याआधी तुला काही बोलायचं असेल तर शाळेच्या फोनवर कर. मी स्वतः उचलीन, आणि तू माझ्याशी बोललास तर कुणाला सांगणार नाही.

कालोलाइने


फांगालेई, १७ जून

प्रिय लोपेती,

फोन आला नाही. शुक्रवारी एकदा वाजला, पण तो खडूची खोकी आली का विचारायला होता.

सोमवारी गेले. काळे कपडे, कमरेला आईच्या दुखवट्याची चटई. ठाण्यातला हवालदारही माझ्या वर्गातला. अर्धं ठाणं माझ्या वर्गातलं आहे. मला बघून तो उभाच राहिला.

"बाई, बसा. कुणी शाळेत दगड मारले का?"

मी रुमाल सोडून साचा टेबलावर ठेवला. "हा खोटा सरकारी शिक्का. आईने बनवला. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कितिओनेच्या खटल्यातला दाखला मी लिहिला, सहीही माझी."

तो दाराकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, असं मोठ्याने बोलू नका हो. मग मला लिहावं लागेल."

"लिहायलाच आले आहे मी. लिही. सुवाच्य लिही."

त्याने लिहून घेतलं. सहीवर त्याचा विश्वास बसेना. मी कोऱ्या कागदावर कितिओनेची सही दहा वेळा केली. फायलीतला कागद त्याने शेजारी ठेवला, बराच वेळ बघितलं, मग माझ्या हातातून पेन घेऊन त्याने स्वतः एकदा ती सही करून बघितली. "माझीपण तशीच येते की," असं म्हणून तो हसला आणि लगेच गप्प झाला. बहुतेक आपण कुठे बसलोय हे त्याच्या लक्षात आलं.

मग त्याने साच्यावर कागद ठेवून अंगठ्याने घासला. शिक्का उठला. टिंबही उठलं. तो म्हणाला, "हा पोचा नाही तर." मी म्हटलं, "नाही. पान आहे."

त्याने विचारलं, "एकूण दाखले किती?"

"तीन."

"नावं?"

मी वायोलाच्या जावयाचं आणि पेनिताच्या मुलीचं सांगितलं. आदल्या दिवशी त्या दोघींच्या घरी जाऊन तसं सांगून आले होते. वायोला रडली. पेनिता म्हणाली, "माझं डुक्कर परत दे मग." मी देईन म्हटलं तर तीही रडली.

"आणि तिसरं?"

मी म्हटलं, "तिथे रेघ ओढून जागा मोकळी ठेव. तो माणूस स्वतः सांगेल."

"बाई, असं चालत नाही."

"वर्गात चालायचं. ज्याने खिडकी फोडली त्याला मी उभं राहायला वेळ द्यायची. तुलाही दिला होता एकदा."

तो पेन हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "तेवीस तारखेपर्यंत. त्यानंतर गेल्या अकरा वर्षांचे सगळे दाखले साहेब भिंगाखाली धरणार. पान कसं ओळखायचं ते आता आम्हाला कळलंय."

साचा ताब्यात घेतल्याची पावती त्याने मला दिली. पावतीवर खरा शिक्का होता. मी बाहेर येऊन उन्हात धरून बघितला. कबूतर, डहाळी, सगळं बरोबर, खाली काही नाही. इतकी वर्षं मी तो शिक्का रोज बघत आले, तरी त्या दिवशी ते कबूतर मला कुणा परक्याच्या घरचं वाटलं.

मला घरीच राहायला सांगितलं आहे. बेट सोडायचं नाही. शाळा सोडली, किल्ल्या देऊन आले. माझा खटला नंतर उभा राहील. सरकारी वकिलाने कितिओनेच्या वकिलाला सांगितलं आहे की तेवीसला ते आरोप मागे घेतील. सिनी मावशी ते मोठं कापड पाठीवर टाकून ठाण्यात गेली होती. "पुरावा हवा ना? हा घ्या पुरावा. पण घडी घालून परत करा, आणि त्यावर चहा सांडला तर तुमच्यावर खटला मी भरीन." दोन शिपायांनी ते उचलून आत नेलं म्हणे.

कितिओने काल आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण माफ केलं असं म्हणाला नाही, आणि ते बरोबरच आहे. वर्ष गेलं त्याचं. मग म्हणाला, "बाई, मी कचेरीत असताना जुनी वही चाळली होती. एका माणसाचं वहीतलं साल आणि दाखल्यावरचं साल जुळत नाही. तेव्हा मला वाटलं, दाखल्यावर माझ्याच हातून साल चुकलं असेल." त्याने नाव घेतलं नाही. जाताना पायऱ्यांवरून वळून म्हणाला, "रविवारी मधल्या सुरात आवाज कमी पडतो हल्ली. तुम्ही जरा मोठ्याने गात जा."

आता तुझं.

तू परत आलास तर काय होईल हे मला ठाऊक नाही. तिथला कायदा मी वाचलेला नाही. तुझी नोकरी जाईल, राहण्याचा परवाना बहुतेक जाईल. मुलं तिथे जन्मली, त्यांचं काही जाऊ नये असं मला वाटतं, पण खात्रीने सांगत नाही. आलिसी माझ्यावर रागावेल. रागवू दे. तुला गोड करून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की मी तुला काही सांगणार नाही. ते मागे घेते. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा बहीण म्हणून शब्द टाकते, आणि तो तुला मोडता येणार नाही हे माहीत असून टाकते. त्या मोकळ्या रेघेवर तुझं नाव तू घाल. भिंगाने शोधून काढू देऊ नकोस. आईने तिची खूण लपवली नाही, मी माझा हात लपवायचं थांबवलं.

हे पत्र उद्या विमानाने जाणाऱ्या माणसाजवळ देते. शनिवारचं विमान मिळालं तर तेवीसच्या आधी पोचशील. धावपट्टीवर घ्यायला मी येणार नाही, भावाला घ्यायला बहिणीने जायचं नसतं. सिनी मावशी येईल आणि रस्ताभर बोलेल, ऐकून घे. आधी ठाण्यात जा. मग घरी ये. तुझ्या वाट्याचे खडे मी निवडून, धुऊन, तेल लावून टोपलीत ठेवले आहेत. कबरीवरचा पत्रा मी आज सकाळी काढला.

कालोलाइने